मिररलेस कॅमेऱ्यावर दीर्घ चित्रीकरण करताना उष्णतेचे नियोजन कसे करावे?

निरीक्षक (धागाकर्ता)

नमस्कार. व्याख्याने, मुलाखती आणि रंगमंचावरील प्रयोग यांचे सलग चित्रीकरण मी मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर करतो. अशा कामात दृश्य पुन्हा घेण्याची सोय नसते. वक्ता बोलण्याच्या ओघात असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमापीचे चिन्ह उमटते, काही वेळाने ते लुकलुकू लागते आणि मग रेकॉर्डिंग आपोआप थांबते. त्यानंतर कॅमेरा लगेच सुरू केला तरी तो दोन-चार मिनिटांत पुन्हा बंद पडतो आणि गेलेला प्रसंग गेलेलाच राहतो.

या विषयावरची बरीचशी चर्चा 'अमुक कॅमेरा तापतो आणि तमुक तापत नाही' एवढ्यावरच येऊन थांबते. मला ती अपुरी वाटते, कारण एकच कॅमेरा, तेच कार्ड, तीच सेटिंग आणि तीच बंदिस्त खोली असूनही एके दिवशी चित्रीकरण निर्विघ्न पार पडते आणि दुसऱ्या दिवशी निम्म्यावर थांबते. हा फरक कशामुळे पडतो याचा शोध घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. ज्या दिवशी मी चौकट बसवणे (दृश्याची मांडणी ठरवणे), रंगसंतुलन तपासणे, आयोजकांना स्क्रीनवर दृश्य दाखवणे यात कॅमेरा बराच वेळ चालू ठेवला होता, त्या दिवशी तो लवकर थांबला. ज्या दिवशी तो पिशवीतून काढून जवळजवळ लगेच रेकॉर्डिंग सुरू केले, त्या दिवशी तो टिकला. म्हणजे रेकॉर्डिंगची मिनिटे आपण बटण दाबण्याच्या आधीच खर्च करून बसतो, असे माझे मत बनले आहे.

हे मत कितपत बरोबर आहे, आणि बरोबर असेल तर सेटिंगपासून ट्रायपॉडच्या जागेपर्यंत काय काय बदलावे, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. कोणत्या कंपनीचा कॅमेरा श्रेष्ठ, हा वाद कृपया येथे नको.

उष्मागतिक

आपले निरीक्षण बरोबर आहे आणि त्यामागचे गणित फारसे अवघड नाही.

कॅमेरा बॅटरीतून जेवढी ऊर्जा घेतो तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत बदलते. स्क्रीनचा प्रकाश आणि वाय-फायच्या लहरी यांतून बाहेर जाणारा भाग नगण्य असतो. त्यामुळे आपला कॅमेरा किती उष्णता निर्माण करतो हे बॅटरी किती वेळ पुरते यावरून ढोबळमानाने काढता येते. उदाहरणार्थ, सोनीची एनपी-एफझेड१०० ही बॅटरी १६.४ वॅट-तासांची आहे. ती चित्रीकरणात सुमारे दोन तास पुरली, तर कॅमेरा सरासरी ८ वॅट उष्णता निर्माण करत होता असा त्याचा अर्थ होतो.

आता ही उष्णता बाहेर कशी पडते ते पाहू. मध्यम आकाराच्या कॅमेऱ्याचा बाह्य पृष्ठभाग साधारण ०.०६ चौरस मीटर भरतो. वारा नसलेल्या खोलीत हवेचे अभिसरण आणि प्रारण मिळून दर चौरस मीटरमधून, दर एक अंश तापमान-फरकामागे, सुमारे १० वॅट बाहेर पडतात असे धरले, तर आपल्या कॅमेऱ्याला दर अंशामागे ०.६ वॅट सोडता येतात. म्हणजे ८ वॅट बाहेर टाकण्यासाठी त्याचे कवच भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे १३ अंशांनी गरम व्हावे लागते. खोली २३ अंशांवर असेल तर कवच ३६ अंशांवर स्थिरावेल आणि हवा ३५ अंशांवर असेल तर ते ४८ अंशांवर जाईल. हे झाले कवचाचे. आतला सेन्सर आणि प्रोसेसर त्याहून बरेच गरम असतात, कारण उष्णता आतून कवचापर्यंत पोहोचायलाही तापमानाचा फरक लागतो.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. सुमारे ७०० ग्रॅम वजनाच्या, धातू आणि काच यांनी बनलेल्या वस्तूला ८ वॅट मिळत राहिले, तर सुरुवातीला तिचे तापमान मिनिटाला साधारण पाऊण अंशाने वाढते आणि पंधरा-वीस मिनिटांत एकूण वाढीपैकी निम्म्याहून अधिक वाढ होऊन गेलेली असते. मिररलेस कॅमेऱ्यात नुसती चौकट बसवतानाही सेन्सर, प्रोसेसर आणि स्क्रीन अखंड काम करत असतात, कारण त्याशिवाय आपल्याला दृश्यच दिसणार नाही. आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यात डोळ्याने पाहताना सेन्सर निवांत असायचा आणि ती विश्रांती येथे नाही. म्हणून 'रेकॉर्डिंग सुरू केलेले नाही' म्हणजे 'कॅमेरा तापत नाही' हे समीकरण चुकीचे आहे.

आणखी एक अडचण सेन्सरच्या रचनेतच आहे. ज्या कॅमेऱ्यांत सेन्सर हलवून कंप शोषले जातात, त्यांत तो सेन्सर एका सरकत्या चौकटीवर जवळजवळ तरंगता ठेवलेला असतो. धातूच्या कवचाला तो घट्ट जोडता येत नाही, कारण मग तो हलणारच नाही. उष्णतेला बाहेर पडायला लवचिक पट्ट्या आणि भोवतालची हवा एवढेच मार्ग उरतात. त्यामुळे स्थिरीकरण बंद केले तरी ही रचनात्मक अडचण संपत नाही. चौकट जागेवर धरून ठेवायला बऱ्याच कॅमेऱ्यांत तेव्हाही वीज लागते.

तिपाई

वरील विवेचन उत्तम आहे. मात्र त्याआधी एक खात्री करून घ्यावी. रेकॉर्डिंग नेमके २९ मिनिटे ५९ सेकंदांनी थांबत असेल तर त्याचा उष्णतेशी काहीही संबंध नाही. युरोपीय संघात अर्ध्या तासाहून अधिक सलग रेकॉर्डिंग करणाऱ्या उपकरणावर व्हिडिओ कॅमेरा म्हणून वेगळे आयात शुल्क लागत असे, ते टाळण्यासाठी उत्पादकांनी ही मर्यादा घातली होती. नव्या कॅमेऱ्यांतून ती बहुतांशी गेली आहे, परंतु जुन्यांत ती कायम आहे आणि कितीही थंड ठेवले तरी कॅमेरा तेथेच थांबणार. उष्णतेमुळे थांबण्याची वेळ दर खेपेला बदलते. मर्यादेमुळे थांबण्याची वेळ बदलत नाही. फायलीची लांबी पाहिली की निदान तत्काळ होते.

संथगती

उष्णता बाहेर कशी काढावी यापेक्षा ती मुळात किती निर्माण करावी, हा निर्णय अधिक आपल्या हातात आहे. म्हणून मी रेकॉर्डिंगच्या प्रकाराबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

८के म्हणजे ७६८० गुणिले ४३२०, अर्थात सुमारे ३.३ कोटी बिंदू (पिक्सेल), आणि ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, अर्थात सुमारे ८३ लाख बिंदू. सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) घेताना ८के मध्ये सेन्सरवरून दर सेकंदाला जवळजवळ १०० कोटी बिंदू वाचावे, प्रक्रियेतून न्यावे आणि आकुंचित करून कार्डावर लिहावे लागतात. हे काम किती मोठे आहे हे कॅननने जुलै २०२० मध्ये ईओएस आर५ जाहीर केला त्या वेळी स्पष्ट झाले. कॅननने स्वतःच मर्यादा प्रसिद्ध केल्या होत्या: २३ अंश तापमानात ८के ३० चौकटींसाठी २० मिनिटे, ४के एचक्यूसाठी ३० मिनिटे आणि ४के १२० चौकटींसाठी १५ मिनिटे. साध्या ४के ३० चौकटींना मात्र उष्णतेची अशी मर्यादा नव्हती.

येथे एक तपशील नीट लक्षात घेण्यासारखा आहे. ४के एचक्यू आणि साधे ४के या दोन्हींची फाईल एकाच आकाराची असते. फरक असा की एचक्यू प्रकारात कॅमेरा सेन्सरवरून ८के इतके बिंदू वाचतो आणि त्यातून ४के चित्र घडवतो. चित्र अधिक रेखीव येते, पण सेन्सर आणि प्रोसेसर यांचे श्रम ८के इतकेच होतात. म्हणून मेनूमध्ये '४के' दिसते यावर विसंबून राहू नये. ते ४के किती बिंदूंपासून बनते हे कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. सेन्सरचा मधला भागच वापरणारा क्रॉप प्रकार निवडला तर कित्येक कॅमेऱ्यांत वाचायचे बिंदू निम्म्याहून कमी होतात आणि रेकॉर्डिंगचा अवधी चांगलाच वाढतो. त्या बदल्यात दृश्यकोन अरुंद होतो, म्हणून ट्रायपॉड मागे न्यावा लागतो किंवा अधिक रुंद कोनाची लेन्स लावावी लागते.

त्याच जुलै २०२० मध्ये आलेल्या सोनी ए७एस थ्रीमध्ये सेन्सर १.२१ कोटी बिंदूंचाच होता. ४के साठी लागतात त्याहून फार जास्त बिंदू त्यात नव्हतेच, आणि उष्णता वाहून नेण्यासाठी आत ग्राफाइटचा उष्णताशोषक बसवला होता. पंखा नसतानाही ४के ६० चौकटींचे रेकॉर्डिंग तासाभराहून अधिक चालेल, असे सोनीने सांगितले होते. दोन्ही कॅमेरे आपापल्या जागी योग्य होते. एकाने बिंदू निवडले आणि दुसऱ्याने कालावधी.

चौकटींच्या वेगाबद्दलही हेच लागू होते. अंतिम फिल्म २५ चौकटींची असेल आणि दृश्य मंदगतीने दाखवायचे नसेल, तर ५० किंवा ६० चौकटी घेऊन आपण दुप्पट श्रम आणि त्यासोबत वाढीव उष्णता विकत घेतो. व्याख्यानाला त्याची गरज नसते. व्याख्यान ८के मध्ये का घ्यावे, याचेही समाधानकारक कारण मला आजवर मिळालेले नाही.

निरीक्षक (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या फायलींची लांबी दर वेळी वेगळी आहे, म्हणजे प्रश्न उष्णतेचाच आहे. संथगती यांच्या लिखाणानंतर माहितीपुस्तिका उघडून पाहिली, तेव्हा माझ्या नेहमीच्या ४के प्रकारात पूर्ण सेन्सर वाचला जातो असे त्यात दिसले.

आता उघड्यावरच्या चित्रीकरणाबद्दल विचारतो. सावलीत ठेवलेला कॅमेरा आणि उन्हात ठेवलेला कॅमेरा यांत हवेचे तापमान सारखेच असताना इतका फरक का पडतो? शिवाय मेनूमध्ये 'स्वयं-बंद तापमान' नावाचा पर्याय आहे, त्याचे मूळ मूल्य 'प्रमाणित' आहे आणि ते 'उच्च' करता येते. हा पर्याय वापरण्यात धोका आहे का?

उष्मागतिक

उन्हाचा हिशेब मांडला की उत्तर समोर येते. निरभ्र आकाशात भर दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट सौर ऊर्जा पोहोचते. कॅमेऱ्याची मागची बाजू १३ सेंटीमीटर रुंद आणि ९ सेंटीमीटर उंच धरली, तर तिचे क्षेत्रफळ ०.०११७ चौरस मीटर होते. ऊन त्या बाजूवर सरळ पडत असेल तर सुमारे १२ वॅट तिच्यावर आदळतात, आणि कवच काळे असल्यामुळे त्यातील बहुतेक शोषले जातात. म्हणजे कॅमेरा स्वतः ८ वॅट निर्माण करत असताना सूर्य त्याला त्याहून अधिक देतो. ऊन तिरपे असेल तर हा आकडा कमी होतो, पण नगण्य कधीच होत नाही. सेटिंगमध्ये कितीही काटकसर केली तरी या एका गोष्टीपुढे ती अपुरी पडते.

यासाठी कॅमेऱ्यावर पांढरी छत्री किंवा पांढरे कापड असावे, मात्र ते कवचाला चिकटलेले नसावे. मध्ये हवा खेळायला जागा हवी. कापड अंगावर गुंडाळले तर ऊन अडते, पण उष्णताही आतच अडकते. पावसाळी आवरण उन्हात चढवून ठेवणे यासाठीच घातक असते. चित्रीकरण सुरू होण्याआधी उन्हात उभ्या केलेल्या वाहनात उपकरणे ठेवू नयेत, कारण तेथून काढलेला कॅमेरा चालू करण्याआधीच भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असतो.

स्क्रीनबद्दल थोडे. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर आणि मुख्य सर्किट हे स्क्रीनच्या लगेच मागे असतात. चित्रीकरण चालू असताना स्क्रीन बाहेर वळवून त्या खाचेत बोट टेकवून पाहावे. मुठीच्या बाजूपेक्षा तेथे धातू स्पष्टपणे अधिक गरम लागतो. कार्डाच्या झाकणाची बाजूही तशीच लागते. स्क्रीन बाजूला वळवली की ही मागची बाजू मोकळी होते आणि स्क्रीनची स्वतःची उष्णताही अंगापासून दूर जाते. हा उपाय फुकट आहे आणि परिणामकारक आहे. उन्हात स्क्रीन दिसावी म्हणून तिची प्रखरता कमाल पातळीवर नेली जाते, त्याऐवजी दृश्यदर्शकातून पाहावे किंवा स्क्रीनवर झडप लावावी.

मंदप्रकाश

'उच्च' पर्यायाविषयी मी लिहितो. 'प्रमाणित' मर्यादा मुख्यतः हातात धरून वापरणाऱ्याच्या त्वचेचा विचार करून ठेवलेली असते. सुमारे ४४ अंश तापमानाच्या वस्तूशी त्वचेचा काही तास सलग संपर्क राहिला तरी भाजण्याची इजा होऊ शकते, आणि ती हळूहळू होत असल्याने वेळीच जाणवत नाही. म्हणूनच सोनीच्या माहितीपुस्तिकेत 'उच्च' पर्याय निवडल्यास कॅमेरा हातात धरू नये, ट्रायपॉड वापरावा, असे स्पष्ट म्हटले आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल आणि आपण त्याला अधूनमधूनच स्पर्श करत असाल, तर हा पर्याय वापरण्यास हरकत नाही. आतल्या भागांना धोका पोहोचेल त्या पातळीच्या आधी कॅमेरा तेव्हाही स्वतःला बंद करतोच. कॅननने आर५ मध्ये असाच पर्याय २०२२ मध्ये फर्मवेअर (कॅमेऱ्यातील अंगभूत सॉफ्टवेअर) १.६.० द्वारे दिला, त्यामुळे आपल्या कॅमेऱ्यात तो दिसत नसेल तर आधी फर्मवेअर तपासावे.

मात्र एक किंमत मोजावी लागते, ती चित्राच्या दर्जाची. सेन्सरमधील अंधार-प्रवाह, म्हणजे प्रकाश नसतानाही निर्माण होणारा विद्युतप्रवाह, तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी वाढले की दुप्पट होतो. आकाशाचे दीर्घ छायाचित्रण करणारे त्यासाठीच सेन्सर थंड ठेवतात. व्हिडिओत प्रत्येक चौकटीचा प्रकाशन-काळ अल्प असल्यामुळे भरपूर उजेडात हा परिणाम दिसत नाही, पण मंद उजेडात आणि उच्च आयएसओवर (प्रकाश-संवेदनशीलतेवर) काळ्या भागात पांढरे, लाल किंवा निळे स्थिर ठिपके उमटू लागतात. अंधाऱ्या रंगमंचाचे चित्रीकरण करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. कॅमेरा बंद पडला नाही म्हणजे उष्णतेने काही बिघडवले नाही, असे होत नाही.

पडदा

एवढा खटाटोप करण्यापेक्षा अंगभूत पंखा असलेला कॅमेरा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅनासॉनिकने २०१९ मध्ये ल्युमिक्स एस१एच मध्ये पंखा दिला. सोनीचा एफएक्स३ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तोही पंख्यासह. कॅननने जानेवारी २०२२ मध्ये ईओएस आर५ सी आणला आणि मूळ आर५ वर ज्या कारणासाठी टीका झाली होती ते कारणच पंख्याने दूर केले. जानेवारी २०२३ मधील ल्युमिक्स एस५ टू मध्ये तर पंखा दृश्यदर्शकाच्या उंचवट्यात बसवला आहे आणि तो कॅमेरा सिनेमाच्या उपकरणांच्या वर्गातला नाही. ज्याचे काम सलग रेकॉर्डिंगचेच आहे, त्याने कामाला अनुरूप साधन वापरावे.

संथगती

पडदा यांचे म्हणणे पूर्णतः मान्य आहे, परंतु दोन पुरवण्या जोडतो. पंखा हा एकच मार्ग नाही. निकॉन झेड९ मध्ये पंखा नाही, तरी ८के ३० चौकटी सुमारे १२५ मिनिटांपर्यंत रेकॉर्ड करता येतात असे निकॉनने सांगितले आहे. त्याहून लहान झेड८ साठी हाच आकडा ९० मिनिटांचा आहे. मोठे अंग म्हणजे अधिक धातू आणि अधिक पृष्ठभाग, हे वर उष्मागतिक यांनी मांडलेल्या गणिताशी जुळते. दुसरे म्हणजे पंखा असला तरी तो भोवतालचीच हवा आत घेतो. ती ४० अंशांची असेल तर कॅमेरा ४० अंशांच्या खाली जाणार नाही, आणि उन्हाचे १२ वॅट पंख्यालाही बाहेर टाकावेच लागतील.

ज्यांच्याकडे पंखा नसलेला कॅमेरा आहे त्यांच्यासाठी बाहेरून जोडण्याचे पंखे मिळतात. फुजीफिल्मने २०२२ च्या एक्स-एच२एस साठी असा जोडपंखा स्वतःच दिला. तो स्क्रीनच्या मागच्या बाजूला बसतो आणि कॅमेऱ्याच्याच विजेवर चालतो. कॅननने २०२४ च्या आर५ मार्क टू साठी पंखा असलेली ग्रिप काढली. इतर कॅमेऱ्यांना स्क्रीनच्या खाचेत अडकवायचे छोटे पंखे लावता येतात. वाहत्या हवेमुळे कवचावरून उष्णता निघण्याचा वेग सहज दुप्पट होतो, म्हणजे वरच्या उदाहरणातील १३ अंशांचा फरक साडेसहा अंशांवर येतो. आवाजाची काळजी मात्र घ्यावी लागते: कॅमेऱ्यावरचा मायक्रोफोन पंख्याची घरघर टिपतो, म्हणून वक्त्याच्या कॉलरला लावलेला किंवा ध्वनियंत्रणेतून घेतलेला आवाज वापरावा.

झरोका

मी या क्षेत्रात नवीन आहे. विरामात कॅमेऱ्याला बर्फाची पिशवी लावणे किंवा तो शीतपेटीत ठेवणे कितपत योग्य आहे? एका चित्रफितीत तसे केलेले पाहिले.

उष्मागतिक

कृपया तसे करू नये. हवेचे तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. म्हणजे २४ अंशांपेक्षा थंड झालेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमेल. बाहेरून जमले तर दिसते आणि पुसता येते; आत, लेन्सच्या मागच्या भिंगावर किंवा सर्किटवर जमले तर दिसत नाही. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेल्या लेन्सवर धुके धरते ते याच कारणाने.

विरामात कॅमेरा बंद करावा, स्क्रीन बाहेर वळवलेली ठेवावी आणि त्यावर साध्या पंख्याची हवा सोडावी. एवढ्यानेच तो झपाट्याने निवतो आणि दवबिंदूचा धोका उद्भवत नाही, कारण वाहती हवा कोणत्याही वस्तूला हवेच्या तापमानाखाली नेत नाही. कोरड्या वस्तूबद्दल हे विधान आहे, म्हणून ओले फडकेही लावू नये. निवण्याला वेळ किती लागतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो: आर५ च्या बाबतीत कॅननने दिलेल्या माहितीनुसार मर्यादा गाठल्यावर १० मिनिटे कॅमेरा बंद ठेवल्यास ८के चे ३ मिनिटे आणि २० मिनिटे बंद ठेवल्यास ८ मिनिटे रेकॉर्डिंग मिळत असे. मर्यादा गाठेपर्यंत ताणणे किती महाग पडते हे यावरून दिसते. ऑगस्ट २०२० मधील फर्मवेअर १.१.० मध्ये कॅननने तापमानाचा अंदाज घेण्याची पद्धत सुधारली, तरी निवण्याला वेळ लागतो हे कोणत्याही फर्मवेअरने बदलत नाही.

तिपाई

वीज, कार्ड आणि बाह्य रेकॉर्डर यांवर अद्याप कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

बॅटरी वीज देताना तीही थोडी तापते आणि ती कॅमेऱ्याच्या पोटात बसलेली असते. तिच्याऐवजी डमी बॅटरी (बॅटरीच्या आकाराचा, तारेने वीज आणणारा जोड) लावून बाहेरून वीज दिली तर तेवढा उष्णतेचा स्रोत कमी होतो. यूएसबीतून वीज देताना मात्र कॅमेरा त्या विजेने बॅटरी चार्ज करत असेल तर परिणाम उलटा होतो, कारण चार्जिंगची उष्णता आतच निर्माण होते. आपला कॅमेरा चालू असताना यूएसबीतून केवळ वीज घेतो की चार्जिंगही करतो, हे पाहून घ्यावे. डमी बॅटरी वापरताना तार कोठेही ताणली जाऊ नये आणि तिला कोणाचा पाय लागू नये यासाठी ती ट्रायपॉडच्या पायाला बांधावी. उष्णतेमुळे कॅमेरा बंद होताना तो बहुधा फाईल नीट पूर्ण करूनच बंद होतो. वीज एकाएकी गेली तर फाईल अपुरी राहते आणि पुढे ती उघडत नाही.

सीएफएक्सप्रेस प्रकाराची कार्डे फार वेगवान असतात आणि सतत लिहिताना स्वतःही चांगली तापतात. कमी डेटा दराचा रेकॉर्डिंग प्रकार एसडी कार्डावर भागत असेल, तर दीर्घ कामासाठी तो पर्याय आधी तपासावा. एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणे आणि सोबत हलकी प्रॉक्सी फाईल (संकलनासाठीची कमी दर्जाची प्रत) बनवणे यांनी काम वाढते. त्यातील दुसऱ्या कार्डावरची प्रत मी कधीही बंद करणार नाही, कारण कार्ड बिघडण्याची शक्यता कायम असते. प्रॉक्सी मात्र नंतर संगणकावरही बनवता येते.

एचडीएमआयने बाह्य रेकॉर्डरला चित्र पाठवून कॅमेऱ्यातले रेकॉर्डिंग बंद ठेवले, तर आकुंचन आणि लेखन ही दोन्ही कामे कॅमेऱ्याबाहेर जातात. सेन्सर वाचण्याचे काम राहतेच, म्हणून ज्या प्रकारात सेन्सरच मुख्य तापणारा घटक आहे तेथे फायदा मर्यादित असतो. तार नीट घट्ट बसली आहे ना, हे कार्यक्रमाआधी दोनदा पाहावे.

वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे, फोनवर थेट दृश्य पाठवू नये. ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण बंद करावे, त्याचा थोडाफार उपयोग होतो. कॅमेऱ्याभोवती बसवायचा धातूचा पिंजरा कॅमेऱ्याला सपाट टेकत असेल तर तो पृष्ठभाग वाढवतो. मध्ये रबराची पट्टी असेल तर तो केवळ वजन वाढवतो.

निरीक्षक (धागाकर्ता)

सर्व प्रतिसादांतून माझ्या पुढच्या चित्रीकरणाची आखणी बदलली आहे. चौकट आणि प्रकाश यांची तपासणी मी फोनच्या कॅमेऱ्यावर ढोबळमानाने करून घेईन आणि मुख्य कॅमेरा सुरुवातीच्या जेमतेम आधी चालू करीन. आयोजकांना दृश्य दाखवायचे असेल तर एक स्थिर छायाचित्र काढून दाखवीन. पूर्ण सेन्सर वाचणाऱ्या प्रकाराऐवजी क्रॉप प्रकारात, २५ चौकटींनी चित्रीकरण करीन आणि त्यासाठी अधिक रुंद कोनाची लेन्स लावीन. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल, 'उच्च' पर्याय निवडलेला असेल आणि स्क्रीन बाहेर वळवलेली असेल.

एक शंका शिल्लक आहे. माझ्याकडे दुसरा, जुना कॅमेरा आहे आणि तो २९ मिनिटे ५९ सेकंदांनी थांबणाऱ्यांपैकी आहे. दोन्ही कॅमेरे एकदमच सुरू करावेत का?

संथगती

एकदम सुरू करू नयेत. जुना कॅमेरा दहा-पंधरा मिनिटे उशिरा सुरू करावा, म्हणजे दोघांच्या थांबण्याच्या वेळा एकमेकांवर येणार नाहीत. जुन्या कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग त्याच्या मर्यादेआधीच, टाळ्या किंवा विषयांतर अशा सोयीच्या क्षणी, स्वतः थांबवून लगेच पुन्हा सुरू करावे. मुख्य कॅमेऱ्यावर तापमापीचे चिन्ह उमटले तर तो बंद पडण्याची वाट पाहू नये. जुना कॅमेरा चालू आहे याची खात्री करून पुढच्या सोयीच्या विरामात मुख्य कॅमेरा पूर्णपणे बंद करावा आणि पंख्याखाली ठेवावा. दोन्ही कॅमेऱ्यांवर आवाज घेतलेला असावा, म्हणजे संकलनात दोन्ही फायली आवाजाच्या लहरींवरून जुळवता येतील. दोन्ही कॅमेऱ्यांचे रंगसंतुलन मात्र एकाच पांढऱ्या कागदावर, एकाच दिव्याखाली ठरवून घ्यावे, आणि तेही मुख्य कॅमेरा चालू केल्यानंतरच्या त्या मोजक्या मिनिटांत.